उरलेल्या फरसाणाचा स्वयंपाक : प्रस्तावना

घरात उरलेला चिवडा, शेव, पापडी, चकली, मुरमुरे किंवा पाकिटातले वेफर म्हणजे एकदा शिजून, मीठमसाला लागून तयार झालेले धान्य किंवा कंद असतो. शेव-पापडीत हरभऱ्याचे पीठ असते, चकलीत तांदूळ आणि डाळींची भाजणी, चिवड्यात पोहे. तेल, मीठ, हळद, तिखट, हिंग, ओवा यांतले बरेच काही त्यांत आधीच मुरलेले असते. स्वयंपाकात सर्वांत जास्त वेळ खाणारी कामे, म्हणजे भाजणे, तळणे आणि मसाला मुरवणे, येथे कोणीतरी अगोदरच उरकून ठेवलेली असतात. गेलेला असतो तो बहुतेक वेळा फक्त कुरकुरीतपणा. असा डबा पुन्हा उघडताना त्यात ‘चिवडा’ आहे की ‘फरसाण’, याला फारसे महत्त्व नाही. त्यात पीठ कोणते, तेल किती, मीठ किती आणि आंबट-गोड काही आहे का, हे पाहावे. पुढील पानांतल्या कृतींची मांडणीही पदार्थांच्या नावांनुसार नाही, त्यांच्या घटकांनुसार केलेली आहे.

हिंगोली तालुक्यात कयाधू नदीच्या काठी वसलेल्या नरसी नामदेव या गावात असे डबे भरण्याचे आणि उरण्याचे दोन ठळक हंगाम आहेत. पहिला दिवाळीचा. संत नामदेवांचे हे जन्मगाव, आणि परंपरेने त्यांची जन्मतिथी मानली जाते ती कार्तिक शुद्ध एकादशी, शके ११९२, म्हणजे इसवी सन १२७०. लक्ष्मीपूजनानंतर साधारण दहा-अकरा दिवसांनी ही तिथी येते. तोवर फराळाच्या डब्यांत वरचा भाग संपलेला असतो आणि तळाशी शेवेचा चुरा, मोडक्या चकल्या आणि बहुधा बिनशेंगदाण्याचा चिवडा राहिलेला असतो, कारण शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप आधीच वेचून खाल्लेले असतात. त्यात एकादशी म्हणजे उपवास, त्या दिवशी हा फराळ चालत नाही. म्हणून तळाचा माल आणखी मागे पडतो.

दुसरा हंगाम आषाढातला. पंढरीहून परतल्यावर वद्य एकादशीला परतवारीसाठी नरसीत भाविकांची मोठी गर्दी होते. मराठी मुलखातल्या कोणत्याही यात्रेप्रमाणे येथूनही घरी जाताना पिशवीत मुरमुरे, फुटाणे, बत्तासे आणि साखरफुटाणे असतात, सोबत शेव-चिवड्याच्या पुड्या. हवा मात्र भर पावसाळ्याची असते. सुटी पुडी एका रात्रीत सादळते आणि मुरमुरे चामट होतात. प्रसाद टाकता येत नाही, आणि चामट मुरमुरे मुलेही खात नाहीत. या अडचणीवर मराठवाड्याच्या स्वयंपाकघरात फार जुना तोडगा आहे. त्याचे नाव सुशीला.

सुशीला हा मुरमुऱ्यांचा, पोह्यांसारखा फोडणी दिलेला नाश्ता. हिंगोली, परभणी, नांदेड, लातूर, सोलापूर या पट्ट्यात तो घरोघर होतो. सीमेपलीकडे उत्तर कर्नाटकात त्याचा सख्खा भाऊ सुसला म्हणून ओळखला जातो, तर रायलसीमेत उग्गाणी या नावाने तो मिरचीभज्यांबरोबर खातात. ताज्या, कडक मुरमुऱ्यांचाही तो करतात. पण मऊ पडलेल्या मुरमुऱ्यांसाठी याहून चांगली कृती सापडत नाही, कारण तिची पहिली पायरीच मुरमुरे भिजवण्याची आहे. जे भिजवायचेच आहे ते आधी थोडे सादळले असले तर काहीच बिघडत नाही.

करताना मुरमुरे आधी निवडून घ्यावे लागतात. प्रसादाच्या पुडीतले बत्तासे आणि साखरफुटाणे वेगळे काढावेत, नाहीतर पाण्यात विरघळून सगळी सुशीला गोड करतात. फुटाणे राहिले तरी चालतात, पण त्यांची साले चोळून काढलेली बरी. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घेऊन चार-पाच वाट्या मुरमुरे त्यात टाकावेत, हाताने एकदा दाबून बुडवावेत आणि लगेच मुठीने पिळून ताटात काढावेत. मुरमुऱ्यातला तांदूळ आधीच शिजून फुललेला असल्याने पाणी आत शिरायला काही क्षण पुरतात, आणि मिनिटभर राहिले तर त्याचा लगदा होतो. खारे मुरमुरे असतील तर या भिजवण्यात वरचे बरेचसे मीठ पाण्यात उतरते, हा आणखी एक फायदा. पिळलेल्या मुरमुऱ्यांवर दोन-तीन चमचे डाळ्याचे कूट भुरभुरावे. ते जास्तीचे पाणी ओढून घेते आणि दाणा मोकळा ठेवते. मग तेलात मोहरी, जिरे, शेंगदाणे, कढीपत्ता, हिरवी मिरची, कांदा आणि हळद अशी फोडणी, त्यात मुरमुरे, चवीपुरते मीठ, चिमूटभर साखर. दोन मिनिटे झाकण ठेवून वाफ आणली की वरून कोथिंबीर आणि लिंबू. हळदीचा एवढा मोठा बाजार असलेल्या या जिल्ह्यात सुशीलेचा रंग फिका राहण्याचे कारण नाही.

नागपंचमीच्या ज्वारीच्या लाह्यांचेही असेच. उरलेल्या लाह्या दळून त्यांचे पीठ करतात आणि ताकात मीठ-मिरची घालून किंवा गुळाबरोबर कालवून खातात. हे पीठ चुलीवर चढवावे लागत नाही, लाही फुटतानाच ते शिजलेले असते. गोपाळकाल्यात लाह्या, पोहे, दही आणि लोणचे एकत्र येतात तेही याच रीतीने. कोरडे, शिजलेले धान्य ओल्या आंबटात मुरवले की नवे अन्न तयार होते. नरसीसारख्या वारकरी गावात सप्ताहाच्या शेवटी काल्याच्या कीर्तनानंतर हाच काला सर्वांच्या हातावर पडतो. तेव्हा उरलेल्या खाऱ्या पदार्थांचा स्वयंपाक ही काही नव्या पाककृतींच्या पुस्तकांनी आणलेली कल्पना नव्हे. नवे आहे ते एवढेच, की लाह्या-मुरमुऱ्यांच्या जागी आता तेलात तळलेले, मीठ जास्त असलेले आणि पाकिटात बंद होऊन आलेले पदार्थ अधिक उरतात. त्यांना जुनी रीत जशीच्या तशी लागू करता येत नाही.

सर्वांत आधी डब्यातल्या पदार्थाचा दोष ओळखावा लागतो. मऊ पडणे आणि खवट होणे या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घरात त्यांची बऱ्याचदा गल्लत होते. ताज्या शेवेत किंवा चिवड्यात पाण्याचा अंश अगदी थोडा, शेकडा दोन-चार इतकाच असतो. हवेतला दमटपणा शोषला की पिठाची किंवा पोह्याची काचेसारखी ठिसूळ घडण लवचीक होते आणि दाताखाली आवाज येत नाही. हा दोष परतवता येतो. जाड बुडाच्या कढईत, मंद आचेवर, तेलाचा थेंबही न घालता चार-पाच मिनिटे हलवत राहिले की ओलावा निघून जातो. भट्टी असेल तर ११० अंश सेल्सिअसला आठ-दहा मिनिटे पुरतात. कढईतून काढताना पदार्थ मऊच लागतो आणि गार झाल्यावरच कुरकुरीत होतो. त्यामुळे कढईतच तो कडक होण्याची वाट पाहणारा हमखास तो करपवतो. गार होण्याआधी डब्यात भरला तर वाफ आत कोंडते आणि दुसऱ्या दिवशी सगळे मुसळ केरात.

खवटपणा तेलाचा असतो. हवा, उजेड आणि उष्णता यांच्या संगतीत तेलातल्या स्निग्धांशाचे विघटन होते, त्याला जुन्या रंगासारखा किंवा कच्च्या वालासारखा उग्र वास येतो आणि घशाशी खरखर लागते. हा दोष भाजून, उन्हात ठेवून किंवा मसाला वाढवून जात नाही. उलट गरम केल्यावर वास अधिकच वर येतो. परीक्षा सोपी आहे. चिवड्यातला एक शेंगदाणा आणि एक खोबऱ्याचा काप वेचून, बाकी काही तोंडात नसताना सावकाश चावावा. या दोहोंत स्वतःचे तेल भरपूर असल्याने खवटपणा प्रथम तेथेच दिसतो. पोहे अजून ठीक लागत असले तरी खोबरे कडवट झाले असेल तर तो डबा उतरणीला लागला असे समजावे. तेवढे काप आणि दाणे काढून टाकून उरलेला चिवडा त्याच दिवशी वापरता येतो, आठवडाभर ठेवता येत नाही. बुरशीचा बारीकसा ठिपका किंवा कुबट वास दिसला तर मात्र निवडत बसू नये. शेंगदाण्यावरची बुरशी विषारी असू शकते आणि भाजल्याने ते विष पुरते नाहीसे होत नाही.

विकतच्या मालाबाबत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. एकाच तेलात पुन्हा पुन्हा तळले की त्यात घातक संयुगे साठत जातात. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा संयुगांची मर्यादा शेकडा २५ ठरवली आणि ती १ जुलै २०१८ पासून लागू झाली. गाड्यावरून आणलेल्या सुट्या फरसाणाचे तेल कोणत्या अवस्थेत होते हे घरी मोजता येत नाही. पण कागदावर काळपट डाग उमटत असेल, पदार्थ गार असूनही बोटांना चिकट लागत असेल, तर तो पुन्हा तापवण्याच्या भानगडीत न पडणेच शहाणपणाचे.

दोष पाहून झाला की घटक पाहावेत. येथे तीन ढोबळ गट पडतात. पहिला हरभऱ्याच्या पिठाचा : शेव, पापडी, गाठी, खारी बुंदी. हे पाण्यात विरघळतात आणि पाण्याला घट्टपणा देतात. दुसरा तांदूळ आणि भाजणीचा : चकली, कडबोळी. हे फुगतात, पण आकार धरून ठेवतात, आणि नीट मऊ व्हायला त्यांना गरम पातळ पदार्थात दहा-पंधरा मिनिटे लागतात. तिसऱ्या गटात पोहे, मुरमुरे, साबुदाणा आणि बटाट्याचे वेफर येतात. हे पाणी चटकन पितात आणि तितक्याच चटकन त्यांचा लगदा होतो, म्हणून त्यांना ओलावा शेवटी आणि बेताने. मिश्र फरसाणात तिन्ही गट एकत्र असतात, म्हणूनच ते थेट रश्शात ओतले की काही विरघळते, काही कडक राहते आणि काही लोंबते. मिश्र फरसाण आधी कुटून घ्यावे, निदान मोठी चाळण लावून चुरा आणि तुकडे वेगळे करावेत.

चुऱ्याबद्दल एक गोष्ट विसरता येत नाही. डबा हलतो तसे मीठ, तिखट आणि आमचूर खाली जमा होतात. त्यामुळे तळाचा चुरा हा वरच्या चिवड्यापेक्षा कितीतरी खारट आणि तिखट असतो. कृतीत लिहिलेले प्रमाण वरच्या चिवड्यासाठी असेल तर तळाचा चुरा त्याच्या निम्माच घ्यावा लागतो. चाखून पाहणे याला पर्याय नाही.

मराठवाड्यातल्या येसराची येथे आठवण होते. भाजलेली धान्ये, डाळी आणि मसाले एकत्र दळून केलेले हे पीठ आमटीत पडले की एकाच वेळी घट्टपणा आणि चव दोन्ही देते. कुटलेली शेव अगदी हेच काम करते, फक्त तिच्यात तेल आणि मीठ जादा असते. म्हणून वांग्याच्या, मटकीच्या किंवा साध्या कांदा-टोमॅटोच्या रश्शात बेसन अथवा दाण्याचे कूट लावण्याऐवजी दोन-तीन चमचे शेवेचा कूट घातला तर रस्सा दाटून येतो. ही अदलाबदल करताना फोडणीचे तेल निम्मे करावे आणि मीठ अजिबात घालू नये. रस्सा उकळून शेव मुरल्यावरच मीठ चाखायचे. भरल्या वांग्यांच्या सारणातही तिळाचे आणि दाण्याचे कूट थोडे कमी करून शेवेचा कूट चालतो. सारण वांग्यातून सुटून बाहेर येत नाही, हा त्याचा खास गुण.

अख्खी शेव रश्शात घालण्याची रीत खानदेशात शेवभाजी म्हणून प्रसिद्ध झाली आणि रस्त्याकडेच्या ढाब्यांनी ती मराठवाड्यातही रुजवली. शेवभाजीची शेव जाड आणि कडक असते, ती वाढण्याच्या जरा आधी उकळत्या रश्शात सोडतात. घरातली उरलेली शेव बहुधा बारीक असते. ती उकळत्या रश्शात टाकली तर दोन मिनिटांत तिचे पिठले होते. बारीक शेव असेल तर रस्सा नेहमीपेक्षा पातळ करावा, ताटात वाढावा आणि शेव ज्याने त्याने वरून घ्यावी. मिसळीत फरसाण शेवटी का पडते, याचेही कारण हेच आहे. मऊ पडलेले फरसाण मिसळीत चालून जाते, कारण तर्रीखाली ते मऊच व्हायचे असते. अर्थात मूठभर कडक शेव वर हवीच, नाहीतर मिसळ खाल्ल्यासारखी वाटत नाही. बुंदीला ताक मानवते. मऊ पडलेली खारी बुंदी कोमट पाण्यात पाच मिनिटे ठेवून, हलकी पिळून ताकात किंवा कढीत सोडली की तिचे अर्धे तेल-मीठ पाण्यात राहते. शेवेला मात्र असे धुता येत नाही, तीच पाण्यात जाते.

कोरडे अन्न ओले करून खाण्याची ओढ मराठी मनात किती खोल आहे, हे नामदेवांच्याच एका लोकप्रिय आख्यायिकेत दिसते. कुत्र्याने कोरडी भाकर पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. कीर्तनकार ती भूतमात्रांतल्या देवाची गोष्ट म्हणून सांगतात, आणि ती तशीच आहे. स्वयंपाकघराने तिच्यातून तुपाचा अर्थ घेतला तरी नामदेव रागावणार नाहीत.

थालीपीठ हा या विषयातला सर्वांत भरवशाचा पदार्थ. दोन वाट्या ज्वारीच्या पिठाला अर्धी ते पाऊण वाटी कुटलेले फरसाण, एक बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर. मीठ-तिखट नाही. ज्वारीच्या पिठाला स्वतःचा चिकटपणा कमी असतो, तो हरभऱ्याच्या पिठाने भरून निघतो. फरसाणात वजनाच्या एक तृतीयांश किंवा त्याहूनही अधिक तेल असू शकते, त्यामुळे मोहनाची गरज राहत नाही आणि तव्यावरही थेंबभरच तेल पुरते. गोळा भिजवून दहा मिनिटे तसाच ठेवावा. चुरा सावकाश पाणी ओढतो, आणि लगेच थापले तर कडा चिरतात. चकल्यांचे तुकडे असतील तर ते आधी गरम पाण्यात मुरवून कुस्करावेत, नाहीतर थापताना बोटांना टोचतात. फोडणीच्या पोळीत किंवा फोडणीच्या भातातही फरसाण घालतात, पण तेथे फार हात आखडता घ्यावा. शिळ्या पोळीला फोडणीतून तेल आणि मीठ मिळावे म्हणून ती कृती निर्माण झाली. फरसाण तेच दोन्ही पुन्हा आणते, आणि पदार्थ जड होतो.

कटलेट किंवा बटाट्याच्या टिक्कीला पावाचा चुरा लावतात, त्याऐवजी वेफर किंवा शेव कुटून लावता येते. ती आधीच तळलेली असल्याने लवकर तांबूस होते आणि तितकीच लवकर करपते. म्हणून अशी टिक्की तव्यावर, मध्यम आचेवर परतावी. खोल तेलात सोडली तर सुटलेला चुरा तळाशी जळून सगळे तेल कडू करतो.

भाजणीच्या, म्हणजे भट्टीतल्या पदार्थांत हा साठा वापरण्याची रीत मराठी घरांत तुलनेने नवी आहे. घरात भट्टी नसेल तर जाड पातेले किंवा कुकर चालतो. तळाशी वाटीभर जाडे मीठ पसरून, त्यावर तिवई ठेवून, झाकणाची रबरी कडी आणि शिटी काढून तो दहा मिनिटे तापवला की लहानशी भट्टी तयार होते. हे मीठ पुन्हा पुन्हा याच कामाला वापरता येते, खायला नाही. अशा भट्टीत खारी बिस्किटे उत्तम होतात. दीडशे ग्रॅम कणीक किंवा मैदा, पन्नास ग्रॅम बारीक कुटलेली शेव, पंचावन्न-साठ ग्रॅम तूप, जिरे किंवा ओवा आणि भिजवण्यापुरते दही. शेव नसती तर याच बिस्किटांना पाऊणशे ग्रॅम तूप लागले असते. शेवेतले तेल हिशेबात धरायलाच हवे, नाहीतर बिस्किटे थाळीवर पसरतात आणि उचलताना मोडतात. १७० अंशांवर पंधरा-अठरा मिनिटांत ती होतात. कुकरमध्ये तपमान मोजता येत नसल्याने बारा मिनिटांनंतर एकदा उघडून पाहावे. पिठाच्या एक तृतीयांशाहून जास्त चुरा घालू नये. हरभऱ्याच्या पिठात गव्हासारखा तंतू धरणारा अंश नसतो, आणि तो वाढला की बिस्किटाची रांगोळी होते.

यीस्ट घालून फुगवायच्या पावात प्रमाण आणखी कमी, पिठाच्या फार तर एक पंचमांश. मिठाने यीस्टचा वेग मंदावतो आणि तेलाने माखलेले पीठ नीट ताणले जात नाही. म्हणून चुरा सुरुवातीला न मळता, पहिल्यांदा फुगून आलेल्या पिठात शेवटी हलक्या हाताने मिसळावा. पाव, भाज्यांचा भाजलेला थर किंवा गुजराती हांडव्यासारख्या पदार्थावर वरून चुरा पसरायचा असेल तर तो भाजण्याच्या शेवटच्या आठ-दहा मिनिटांतच. एकदा तळून तांबूस झालेल्या पदार्थाला पुन्हा पाऊण तास आच सोसत नाही. चिवड्यातला कढीपत्ता, मनुका आणि पिठीसाखर तर सर्वांत आधी काळी पडते, ती आधीच काढून टाकलेली बरी.

गोड पदार्थांत खारे घालण्याची कल्पना मराठी जिभेला जरा परकी वाटते, पण ती चूक नाही. अमेरिकेत बटाट्याचे खारे वेफर कुटून घातलेल्या लोणीदार बिस्किटांची कृती घरोघर माहीत आहे. तेथेच १९३४ साली बाजारात आलेल्या रिट्झ नावाच्या खाऱ्या बिस्किटांच्या पाकिटावर सफरचंदाशिवाय सफरचंदाचा पाय करण्याची कृती अनेक वर्षे छापली जात असे, आणि भिजलेली बिस्किटे त्यात सफरचंदाच्या फोडींची जागा घेत. मेक्सिकोत शिळ्या मक्याच्या पोळीचे तुकडे तळून तिखट रश्शात मुरवतात आणि सकाळी खातात. शेवभाजी खाणाऱ्याला त्यात नवे काही वाटू नये. घरच्या नानकटाईत साधे खारे वेफर, म्हणजे मसाला न लावलेले, दोन चमचे भरून शेवटी मिसळले तर गोडाला धार येते. लसूण-कांद्याच्या चवीचे वेफर मात्र गोडात कधीही नाही.

काही जोड्या मुळातच जमत नाहीत. बऱ्याच चिवड्यांत आणि चटपटीत वेफरांत लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक आम्ल असते. असा चुरा दुधाच्या पांढऱ्या रश्शात किंवा खिरीसारख्या पदार्थात पडला की दूध फाटते. पापडीत सोडा किंवा पापडखार असतो, त्यामुळे ताकात भिजवलेल्या पिठात ती घातली तर वेगळा सोडा घालायची गरज राहत नाही. घातलाच तर साबणासारखी चव येते. कांदा, टोमॅटो, चटणी मिसळून झालेली भेळ ही उरलेल्या कोरड्या फरसाणात मोडत नाही. ती शिळी भाजी आहे असे धरून त्याच दिवशी संपवावी. ताटातून परत आलेला, ओल्या हाताने चिवडलेला चिवडाही डब्यात पुन्हा घालू नये. एक ओला दाणा सगळा डबा नासवतो.

मिठाचा हिशेब शेवटी मांडला तरी तो सर्वांत आधी करायचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाने दिवसाकाठी पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, म्हणजे साधारण एक सपाट चहाचा चमचा. पाकिटावर शंभर ग्रॅममागे सोडियम किती, हे मिलिग्रॅममध्ये छापलेले असते. त्या आकड्याला अडीचने गुणले की मिठाचा आकडा मिळतो. पाकिटावर ८०० मिलिग्रॅम सोडियम लिहिले असेल तर शंभर ग्रॅममध्ये दोन ग्रॅम मीठ आहे. चौघांच्या थालीपिठांत शंभर ग्रॅम फरसाण गेले तर दोन ग्रॅम मीठ आपोआप आले, आणि कृतीतले मीठ तेवढ्याने कमी झालेच पाहिजे. घरच्या चिवड्यावर आकडे नसतात. तेथे घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला नियम पुरतो : तयार खारे घातलेल्या पदार्थात मीठ शेवटी, आणि तेही चाखून. रक्तदाबाच्या रुग्णांसाठी मात्र सुशीलेसारखे पाण्यातून काढलेले प्रकार सोडले तर या पुस्तकातल्या बहुतेक कृती क्वचितच्या आहेत, रोजच्या नाहीत.

पावसाळ्यात सुटी पुडी घरी आल्या दिवशीच घट्ट झाकणाच्या, शक्यतो स्टीलच्या डब्यात भरावी आणि झाकणावर तारीख लिहावी. पारदर्शक बरणी दिसायला चांगली, पण उजेडाने तेल लवकर बिघडते. मोठ्या डब्यापेक्षा दोन-तीन लहान डबे बरे, कारण प्रत्येक वेळी झाकण उघडले की दमट हवा आत जाते. खवट निघालेला डबा कोणत्याही कृतीत घालू नये, तो टाकावा. रिकामा डबा गरम पाणी आणि साबणाने घासून, उन्हात कोरडा करून मगच त्यात नवा चिवडा भरावा. कडेला राहिलेला जुन्या तेलाचा पातळ थर नव्या तेलालाही आठवड्यात खवट करतो.